फलाची प्रतीक्षा आणि कर्माची सीमा

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक पाठ नाही असे घर आपल्या देशात विरळाच. परंतु जो श्लोक सर्वांना पाठ असतो, त्याचा अर्थ पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. आणि घेतलेच तर ते सुखाच्या काळी, जेव्हा त्याची निकड नसते. त्या श्लोकाची खरी कसोटी वर्षातून एकदा, ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास, लक्षावधी गृहस्थांच्या घरी लागते. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली असते, प्रवेशपरीक्षा देऊन झालेली असते, महाविद्यालयांचा पसंतीक्रमही कळवून झालेला असतो. आणि मग काही दिवस, कधी काही आठवडे, त्या घराला दुसरे काही सुचत नाही. जेवताना बोलणे तुटते. पाहुणे आले तर नकोसे होतात. अभ्यासाचे दिवस संपलेले आणि महाविद्यालयाचे दिवस सुरू न झालेले, अशा ह्या मधल्या काळात गृहस्थाने काय करावे, हा आजच्या स्वाध्यायाचा विषय आहे.

उदाहरणासाठी जबलपूर शहर घेऊ. तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचे स्थान झाले. विद्येची परंपरा त्याहूनही जुनी आहे. १८३६ साली सागर येथे निघालेली शिक्षणसंस्था १८७३ साली जबलपूरला आली आणि तिचेच पुढे रॉबर्टसन कॉलेज झाले. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली, वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली, विश्वविद्यालय १९५६ साली आणि भारतीय सूचना तंत्रज्ञान, अभिकल्पन व निर्मिती संस्था २००५ साली, असा त्याचा विस्तार आहे. तेव्हा राइट टाऊनात किंवा नेपियर टाऊनात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला ही प्रतीक्षा नवी नाही. आजोबांच्या वेळी निकाल वर्तमानपत्रात छापून येत असे. क्रमांकांच्या बारीक ओळींवरून बोट फिरवीत आपला क्रमांक शोधावयाचा, आणि मुलगा परगावी असेल तर त्याला तार करावयाची. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता तोच क्रमांक नातवाच्या हातातील मोबाइलवर उमटतो. फरक इतकाच की, आजोबांचा निकाल एकदाच लागत असे आणि नातवाचा पाच-सहा वेळा लागतो.

हे पाच-सहा वेळा म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. आय.आय.टी., एन.आय.टी. आणि वर सांगितलेल्या संस्थेसारख्या केंद्रीय संस्थांतील जागांचे वाटप २०१५ सालापासून ‘जोसा’ ह्या संयुक्त मंडळामार्फत एकत्रितपणे होते. विद्यार्थ्याने आपल्याला हव्या असलेल्या जागा क्रमाने लिहावयाच्या, ठरलेल्या मुदतीत ती यादी ‘लॉक’ करावयाची, आणि मग वाटपाची वाट पाहावयाची. २०२५ साली आय.आय.टी.च्या प्रवेशपरीक्षेचा निकाल २ जूनला लागला आणि जागावाटपाची पहिली फेरी १४ जूनला जाहीर झाली. मध्ये बारा दिवस. पहिल्या फेरीत जागा मिळाली तरी प्रकरण मिटत नाही. शुल्क भरून तीन वाटांपैकी एक निवडावयाची असते. मिळालेली जागा कायम करावयाची असेल तर ‘फ्रीझ’. यादीत वर लिहिलेली कोणतीही जागा पुढील फेरीत मिळाली तर ती घ्यावयाची असेल तर ‘फ्लोट’. आणि संस्था तीच राहून विषय तेवढा वरच्या पसंतीचा मिळावा असे वाटत असेल तर ‘स्लाइड’. वरची जागा मिळाली की खालची आपोआप सुटते. मुदतीत शुल्क भरले नाही, किंवा कागदपत्रांविषयी विचारलेल्या शंकेला उत्तर दिले नाही, तर हाती आलेली जागाही जाते.

आता श्लोकाकडे वळू. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. तुझा अधिकार कर्मापुरता आहे, ही पहिली. फलांवर तो कधीही नाही, ही दुसरी. फलाची तृष्णा हाच ज्याच्या कर्माचा हेतू, असा तू होऊ नकोस, ही तिसरी. आणि म्हणून काही न करण्याचीच आवड धरू नकोस, ही चौथी. कीर्तनात आणि व्याख्यानात पहिल्या दोहोंचा उच्चार फार होतो. गृहस्थाला ह्या दिवसांत खरी गरज असते ती तिसऱ्या व चौथ्या गोष्टीची, असे माझे मत आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वी ‘अधिकार’ ह्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे.

हा शब्द भाषांतरकाराला फार छळतो. मराठीत त्याला ‘हक्क’ म्हटले की काम भागल्यासारखे वाटते, पण मूळ वाक्यातील धक्का नाहीसा होतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय सबंध अधिकाराविषयी आहे. कोणत्या यज्ञाचा अधिकारी कोण, हा त्याचा विषय. आणि मीमांसक अधिकार म्हणजे फलस्वाम्य असे मानतात. ज्याला कर्माचे फल भोगावयाचे आहे, तोच त्या कर्माचा अधिकारी. म्हणजे मीमांसेत अधिकार आणि फल ही एकाच नाण्यासारखी जोडलेली. गीतेने तोच शब्द उचलला, त्यातील कर्माची बाजू ठेवली आणि फलाची बाजू कापून टाकली. याज्ञिकांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला हे ऐकून काय वाटले असेल, ह्याची कल्पना आज करणे कठीण आहे. फल मिळणार नाही, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. फल मिळेलही, परंतु ते तुझ्या सत्तेखालील क्षेत्र नव्हे, एवढेच सांगितले आहे.

मीमांसकांनाही प्रतीक्षेचा प्रश्न सुटलेला नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. चित्रा नावाचा एक याग पशूंच्या प्राप्तीसाठी सांगितला आहे. पूर्वपक्षी विचारतो, याग तर यथासांग झाला, पण गोठा रिकामाच आहे. मग वेदवचन खोटे ठरले की नाही? शबरस्वामींचे उत्तर असे की, फल मिळेल असे वचन आहे, कर्मामागोमाग तत्काळ मिळेल असे नाही. कर्म तर क्षणात संपून जाते आणि फल पुष्कळ काळाने येते. ह्या दोहोंना सांधणारी जी अदृश्य शक्ती, तिला त्यांनी ‘अपूर्व’ असे नाव दिले. परीक्षा देऊन घरी आलेला विद्यार्थी आणि कोठल्याशा कपाटात बंद असलेली त्याची उत्तरपत्रिका ह्यांच्यामध्ये जे काही असते, त्याला आपल्या व्यवहारभाषेत शब्द नाही. शास्त्रकारांना तो शोधावासा वाटला, ह्यावरून ही पोकळी किती जुनी आहे ते दिसते.

आता प्रश्न असा की, कर्म कोठे संपते? साधारण समजूत अशी की परीक्षेच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याचे कर्म संपले आणि पुढे उरली ती केवळ प्रतीक्षा. हे खरे नाही. पसंतीक्रम लिहिणे हे परीक्षेइतकेच गंभीर कर्म आहे, आणि घरोघरी ते घाईने, भीतीने किंवा शेजाऱ्यांच्या सल्ल्याने उरकले जाते. भीतीचे स्वरूप ठरलेले असते. ‘एवढी मोठी जागा वर लिहिली आणि ती मिळाली नाही, तर खालचीही हातची जाईल,’ असे बाबा म्हणतात. मुलीला मनातून जे हवे असते, ते यादीतून निघून जाते.

ही भीती निराधार आहे आणि तिचे कारण गणिती आहे. १९६२ साली गेल आणि शॅपली ह्या दोन गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेश व विवाह ह्या दोन विषयांवर मिळून एक निबंध लिहिला. (आपल्याकडील वडीलधाऱ्यांनाही नेमक्या ह्याच दोन विषयांची एकत्र काळजी असते, हे वाचून मला मौज वाटली.) त्यात त्यांनी वाटपाची एक रीत दाखविली. प्रत्येक विद्यार्थी प्रथम आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. संस्था गुणवत्तेनुसार काहींना तात्पुरते धरून ठेवते, बाकीच्यांना नाकारते. नाकारलेले दुसऱ्या पसंतीकडे जातात. तेथे त्यांचा क्रमांक वरचा असेल तर तात्पुरता धरलेला एखादा खालचा विद्यार्थी बाहेर पडतो. आणि असे करीत करीत सर्व स्थिरावतात. ह्या रीतीत वरच्या जागेची इच्छा लिहिल्याने खालच्या जागेची संधी रतीभरही कमी होत नाही. आपली खरी आवड खऱ्या क्रमाने लिहिणे हेच विद्यार्थ्याच्या हिताचे ठरते. शॅपली ह्यांना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील संयुक्त जागावाटप ह्याच तत्त्वावर चालते. तेव्हा येथे सत्य सांगणे आणि फायदा होणे ह्यांत विरोध नाही. व्यवहारात असे प्रसंग फार येत नाहीत. जो आला आहे तो भयापोटी दवडू नये.

कोणी म्हणेल, पसंती लिहिणे हीच फलाची इच्छा नव्हे काय? नव्हे. दिशा ठरविणे हा कर्माचा भाग आहे. जबलपूरहून नागपूरला जावयाचे की अलाहाबादला, हे न ठरविता गाडीत बसणे म्हणजे निष्कामता नव्हे. अर्जुनालाही युद्ध जिंकण्यासाठीच लढावयास सांगितले आहे. लाभ आणि हानी ह्यांविषयी मन सारखे ठेवून लढ, एवढीच त्यात भर आहे.

परदेशी असलेल्या आपल्या मराठी कुटुंबांपुढे ह्याच प्रश्नाचे दुसरे रूप उभे असते. अमेरिकेत पुष्कळ महाविद्यालये ‘अर्ली डिसिजन’ नावाचा मार्ग ठेवतात. विद्यार्थ्याने साधारणपणे १ नोव्हेंबरच्या सुमारास एकाच महाविद्यालयाकडे ह्या मार्गाने अर्ज करावयाचा, आणि प्रवेश मिळाला तर तेथेच जाईन, बाकीचे अर्ज मागे घेईन, असे वचन द्यावयाचे. उत्तर डिसेंबरच्या मध्याला येते. ते तीन प्रकारचे असते: स्वीकार, नकार, किंवा सर्वसाधारण अर्जांबरोबर पुन्हा विचार करू असे लांबणीवर टाकणे, मग वाट मार्चअखेरपर्यंत वाढते. येथे यादी नाही, वचन आहे. कोणत्या एका दारी वचन द्यावे, ह्यात हिशेब आलाच. खऱ्या आवडीचे दार कठीण असेल तर तेथे आपली एकच संधी घालवावी की काय, असा पेच पडतो. हा मार्ग मला आपल्या यादीच्या रीतीहून कमी प्रतीचा वाटतो, कारण तो सतरा वर्षांच्या मुलाला सत्य आणि चातुर्य ह्यांच्यामध्ये उभे करतो. तथापि ज्यांनी तो पत्करला आहे त्यांनी वचनाचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. शिक्षणाचा खर्च किती, साहाय्य किती मिळेल, ह्याची चौकशी नोव्हेंबरच्या आधी करावयाची असते. डिसेंबरात ती करणे म्हणजे दिलेल्या शब्दाशी खेळणे होय.

यादी लॉक झाली, किंवा अर्ज रवाना झाला, की त्या कर्माची सीमा आली. येथून पुढे काय घडते ते समजण्यासाठी अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक पाहावा. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा अर्थ केला आहे. कोणी अधिष्ठान म्हणजे कर्माची जागा असाही अर्थ घेतात. दोन्ही अर्थ धरून मध्य प्रदेशातीलच एक घटना पाहा. ४ मे २०२५ रोजी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा चालू असताना इंदूर व उज्जैन येथे वादळी पाऊस झाला आणि काही केंद्रांवर वीज गेली. मुलांनी अपुऱ्या उजेडात उत्तरे लिहिली. काहींनी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे दाद मागितली. एका न्यायमूर्तींनी ३० जूनला त्यांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलैला तो रद्द केला. त्या मुलांचे अध्ययन हे साधन होते, लेखणी चालविणे ही चेष्टा होती. परंतु खोलीतील उजेड त्यांच्या हाती नव्हता. डोळ्याची अधिष्ठात्री देवता आदित्य आहे, असे शास्त्र सांगते. त्या दुपारी आदित्य मेघांआड होता आणि विजेचा दिवाही विझलेला होता. भाष्यातील अर्थ इतक्या शब्दशः कधी प्रत्ययास येईल असे वाटले नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षीची कथा अधिक मोठी आहे. २०२४ साली त्याच परीक्षेस तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. निकाल १४ जूनला लागावयाचा, तो ४ जूनलाच लागला. ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाल्याचे पाहून गदारोळ उठला, प्रश्नपत्रिका फुटल्याचे पुरावे पुढे आले, १,५६३ विद्यार्थ्यांचे वाढीव गुण काढून घेऊन त्यांना २३ जूनला पुन्हा परीक्षेची संधी देण्यात आली, आणि सबंध परीक्षा रद्द करू नये असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला दिला. सुधारित अंतिम निकाल २६ जुलैला लागला. निकाल लागलेला आहे आणि तरीही लागलेला नाही, अशा स्थितीत देशातील लाखो घरांनी बावन्न दिवस काढले. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, त्यांचा ह्यात काय दोष? काहीच नाही. गीता त्यांना दोषी धरीत नाही. केवळ आपल्यामुळेच सर्व घडले असे मानणारा नीट पाहत नाही, असे ती अठराव्या अध्यायात लगेच पुढे, सोळाव्या श्लोकात, सांगते. ते यशाला लागू आहे तसेच अपयशालाही. अपयश आल्यावर ‘मीच नालायक’ असे म्हणणारा मुलगा हा अहंकाराचीच दुसरी बाजू बोलत असतो, आणि ते त्याला प्रेमाने कोणीतरी समजावून द्यावयास हवे.

आता तिसरी गोष्ट, ‘कर्मफलहेतु’ न होण्याची. हा उपदेश विद्यार्थ्यापेक्षा पालकाला अधिक लागू पडतो. मुलगा निदान शिकण्यासाठी शिकला असेल. वडिलांच्या मनात मात्र पुष्कळदा फलाखेरीज दुसरे काही नसते. ही तृष्णा कोठवर नेते, ह्याचे उदाहरण शोधण्यास जबलपूरकराला लांब जावे लागत नाही. राज्याच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे व्यापमच्या, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरप्रकार जुलै २०१३ मध्ये इंदूर येथे उघडकीस आले. हुशार तोतया पैसे घेऊन पुढच्या बाकावर बसे आणि मागचा उमेदवार त्याची उत्तरे उतरवी. ह्या जोडीला ‘इंजिन-बोगी’ असे नाव पडले होते. २०१५ सालच्या जुलैत तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द करण्याचा निर्णय कायम केला. त्यांतील काहींचे शिक्षण पुरेही झाले होते. आधीच्या पीठातील एका न्यायमूर्तींनी त्यांना काही वर्षे समाजसेवा करवून पदवी द्यावी असे सुचविले होते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मानले नाही. ही मुले सतरा-अठरा वर्षांची असताना एवढा पैसा त्यांच्या खिशात असणे संभवत नाही. तो कोणाच्या खिशातून आला असेल, हे सांगावयास नको. वाट पाहण्याचे दिवसच नकोत, फल आधीच ठरवून टाकावे, अशी ती खटपट होती.

इतक्या टोकाला न जाणाऱ्या सज्जन घरांतही ह्याच वृत्तीचे सौम्य रूप असते. ‘शेजारच्या वहिनींच्या मुलाला पहिल्याच फेरीत मिळाले,’ हे वाक्य. मुलगी जेवावयास बसली असताना ‘काही कळले का?’ हा दिवसातून दहा वेळा विचारलेला प्रश्न; निकालाची वेळ सायंकाळी पाचची असता सकाळपासून मोबाइल घेऊन बसणे. आजी देवापुढे निरांजन लावते, तेही मुलीला दिसेल अशा बेताने. ह्यांतील प्रत्येक कृती प्रेमातून होते, आणि प्रत्येकीने मुलीच्या मनावर एक धोंडा वाढतो. हे गंभीरपणे घ्यावयास हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात देशातील तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वच परीक्षांमुळे नव्हेत, हे खरे. परंतु मूल अकस्मात अबोल झाले, जेवण टाकू लागले, झोप गेली, किंवा ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे काही बोलले, तर त्या क्षणी गीतेवर प्रवचन करीत बसू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये, वैद्यकीय साहाय्य घ्यावे; शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. बापाने आधी आपली तृष्णा आवरावी आणि मग मुलाला वैराग्य शिकवावे.

राहिली चौथी गोष्ट, अकर्माच्या संगाची. प्रतीक्षेत मनुष्य निष्क्रिय होतो आणि त्या निष्क्रियतेलाच काळजी असे सुंदर नाव देतो. काळजी करणे म्हणजे काही तरी करणे, असा त्याचा समज असतो. रामायणातील भरताची प्रतीक्षा येथे आठवावी. चौदा वर्षे त्याने नंदिग्रामात काढली. तो शांत होता असे वाल्मीकी म्हणत नाहीत. हनुमंताला तो जटाधारी व कृश झालेला दिसला, आणि अवधी संपताच राम आले नाहीत तर अग्निप्रवेश करीन अशी त्याची प्रतिज्ञा होती. म्हणजे तळमळ पुरेपूर होती. तरीही युद्धकांडाच्या शेवटी राम परतल्यावर तो राज्य परत करताना सांगतो की कोश, कोठारे, नगर व सैन्य ही सर्व दसपट झाली आहेत. चौदा वर्षे वाट पाहणाऱ्या माणसाने धान्याच्या कोठारांचा हिशेब ठेवला होता, ही गोष्ट मला त्याच्या जटांपेक्षा अधिक हृद्य वाटते.

आपल्या राइट टाऊनातील घरातही कोठारे आहेत. जन्मतारखेचा दाखला, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागत असेल तर तो ठरलेल्या नमुन्यात व ठरलेल्या तारखेनंतरचा आहे की नाही, हे पाहणे. गुणपत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव ह्यांत अक्षराचा फरक असेल तर तो आजच दूर करणे. शुल्काची रक्कम खात्यात तयार ठेवणे. पहिल्या फेरीत अमुक मिळाले तर फ्रीझ की फ्लोट, हे मुलीशी आधीच बोलून ठरविणे, म्हणजे त्या दिवशी घाईत भांडण होणार नाही. जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश जोसातून होत नाहीत. ते राज्याच्या वेगळ्या वाटपातून होतात आणि त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. पहिल्याच्या प्रतीक्षेत दुसऱ्याची मुदत निघून गेली, असे दरवर्षी घडते. वैद्यकीय प्रवेशातही शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय वाट्याच्या आणि उरलेल्या राज्याच्या. दोहोंच्या फेऱ्या निरनिराळ्या. ही सर्व कामे फल देणारी आहेत असे नव्हे. ती आपल्या अधिकारातील आहेत, इतकेच.

आणि शेवटच्या फेरीतही हवी ती जागा मिळाली नाही तर? एन.आय.टी. व तत्सम संस्थांतील रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी ‘सीसॅब’च्या विशेष फेऱ्या त्यानंतर होतात. त्यांची नोंदणी निराळी, शुल्क निराळे, मुदत थोड्याच दिवसांची. आणि जोसात लिहिलेला पसंतीक्रम तेथे चालत नाही, यादी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. ती ह्या वेळी मुलीने स्वतः भरावी. बाबांनी शेजारी बसावे, विचारले तर सांगावे.